मराठी इनस्क्रिप्टसाठी छोटा मेकॅनिकल कीबोर्ड: आकार कोणता, स्विच कोणते?

अनुस्वार

नमस्कार. मी घरून अनुवादाचे आणि मुद्रितशोधनाचे काम करते. गेली नऊ वर्षे टीव्हीएस गोल्ड हा १०४ कळांचा कीबोर्ड वापरते आहे. बँकेत किंवा रेल्वे आरक्षणाच्या खिडकीपलीकडून जो टकटकाट ऐकू येतो, तो बहुतेक वेळा याच जातीच्या कीबोर्डचा असतो. त्याने मला कधी दगा दिलेला नाही, पण आता दोन कारणांनी तो बदलावा लागणार आहे. पहिले कारण असे की, नमपॅडमुळे, म्हणजे उजवीकडच्या आकड्यांच्या कळांमुळे, माऊस इतका दूर जातो की संध्याकाळपर्यंत उजवा खांदा भरून येतो. आणि त्या नमपॅडला माझा हात महिन्यातून एकदा, बिले करताना, लागतो. दुसरे कारण म्हणजे मी रात्री काम करते आणि मुलगी त्याच खोलीत झोपते.

दोन महिन्यांपूर्वी मी घाईघाईने ६४ कळांचा एक स्वस्त कीबोर्ड मागवला आणि पस्तावले. त्यावरची उजवी शिफ्ट एका साध्या कळेएवढीच आहे आणि तिला खेटून वर जाणारा बाण आहे. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळरचनेत, ‘आणि’ लिहिताना ‘आ’साठी एकदा आणि ‘ण’साठी पुन्हा एकदा उजवी शिफ्ट लागते. माझी करंगळी सवयीने बाणावर पडते, कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो, तिथे नुसता काना उमटतो आणि आणखी एक ओळ वर ‘मि’ जाऊन बसतो. मुद्रितशोधकाने स्वतःच मजकुरात अशा चुका पेराव्यात, याहून लाजिरवाणे काय असणार? शिवाय त्यातले लाल स्विच (कळांखालचे खटके; त्यांचे प्रकार रंगांवरून ओळखतात) इतके हलके आहेत की विचार करताना बोटे नुसती टेकली तरी अक्षरे उमटतात.

आठ-नऊ हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. पूर्ण कीबोर्डच्या तुलनेत ६०, ६५ आणि ७५ टक्के म्हणवणाऱ्या आकारांपैकी कोणता घ्यावा आणि ‘डोळे मिटून तपकिरी स्विच घ्या’ हा सल्ला कितपत खरा आहे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

सुटेभाग

आपली अडचण स्विचची कमी आणि रचनेची जास्त आहे, म्हणून आधी आकाराविषयी लिहितो. साध्या कळेची रुंदी एक एकक, म्हणजे १९.०५ मिमी, धरली जाते. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर उजवी शिफ्ट २.७५ एककांची, म्हणजे साधारण ५२ मिमी लांब असते आणि आपली करंगळी तिच्या मध्यावर पडायला शिकलेली असते. ६४ कळांच्या प्रचलित रचनेत बाण कोंबण्यासाठी ती एका एककावर आणलेली असते, त्यामुळे जुन्या शिफ्टचा मध्य जिथे होता तिथे आता वरचा बाण येतो. त्यातच बऱ्याचदा डावी शिफ्टसुद्धा २.२५ ऐवजी २ एककांची केलेली असते. मग खालची अख्खी ओळ, म्हणजे आपल्या ‘म’पासून ‘य’पर्यंतची सगळी अक्षरे, जवळजवळ ५ मिमी डावीकडे सरकते. आपल्या चुकांमध्ये या सरकण्याचाही वाटा असणार, एकदा मोजपट्टी लावून पाहावे.

६५ टक्के आकारात डावी शिफ्ट पूर्ण असते आणि उजवी १.७५ एककांची, म्हणजे साधारण ३३ मिमीची असते. तिची डावी कड नेहमीच्याच जागी असल्यामुळे करंगळी थोडी आत वळवली की काम भागते. मला सवय व्हायला आठवडा लागला. इंग्रजी टंकलेखन करणाऱ्याला ही शिफ्ट मुख्यतः मोठ्या लिपीतल्या अक्षरांपुरती लागते. आपल्याला मात्र अ, आ, इ, ई, उ, ए, ओ यांतला प्रत्येक स्वतंत्र स्वर तिच्याच आधाराने काढावा लागतो, त्यामुळे परदेशी परीक्षणांत या मुद्द्याला जे महत्त्व मिळते त्याच्या कितीतरी पट ते आपल्याला द्यायला हवे.

६० टक्क्यांच्या कीबोर्डवर दोन्ही शिफ्ट पूर्ण असतात, पण बाण, होम, एंड आणि डिलीट या कळा नसतात. त्या एफएन (इतर कळांना दुसरे काम देणारी कळ) दाबून काढाव्या लागतात. जपानच्या पीएफयूने १९९६ मध्ये आणलेला हॅपी हॅकिंग कीबोर्ड याच पंथाचा आहे आणि आज्ञा टंकून काम करणाऱ्या प्रोग्रॅमरांना तो मानवतो. मुद्रितशोधनात मात्र अर्धा दिवस कर्सर एकेक अक्षर पुढे-मागे नेण्यात जातो, म्हणून तो मी आपल्याला सुचवणार नाही. ४० टक्क्यांचा तर विचारही करू नये, कारण इनस्क्रिप्टमध्ये च, ट, ड, य आणि ‘ऑ’चा चंद्र ही मंडळी विरामचिन्हांच्या कळांवर राहतात आणि त्या आकारात नेमक्या त्याच कळा आधी गळतात.

उरले ६५ आणि ७५. बहुतेक ठिकाणी दोन्हींची रुंदी १६ एकक, म्हणजे चौकट सोडून ३०.५ सेंमी भरते. पूर्ण कीबोर्डची २२.५ एकक, म्हणजे जवळपास ४३ सेंमी असते. माऊस दोन्हींत सारखाच, सुमारे १२ सेंमी, जवळ येतो. ७५ मध्ये फक्त वरची एफ-कळांची ओळ जास्त मिळते. आपण वर्डमध्ये एफ७ दाबून शुद्धलेखन तपासत असाल किंवा अनुवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ-कळा वापरत असाल, तर ७५ घ्यावा, नाहीतर ६५ पुरेल.

जुना टंकलेखक

मी मराठी ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा यांत्रिक टंकलेखन यंत्रावर दिल्या, त्यामुळे हलक्या कळांशी माझेही फारसे जमत नाही. यंत्रावर अक्षराचा हातोडा कागदावर आदळेपर्यंत कळ दाबावी लागे. मेकॅनिकल स्विचची गोष्ट वेगळी आहे. जर्मनीच्या चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचमध्ये कळेखालची दांडी एकूण ४ मिमी खाली जाते, पण लाल आणि तपकिरी प्रकारांत अक्षर २ मिमीवरच नोंदले जाते, उरलेला प्रवास वाया जातो. आपण टीव्हीएस गोल्डवर नऊ वर्षे निळे स्विच वापरले आहेत आणि निळ्यात नोंद झाल्याची खूण बोटाला आणि कानाला एकाच वेळी मिळते. लाल स्विचमध्ये ती खूणच नसते, दांडी सरळ घसरत तळाला जाते. तेव्हा टेकलेल्या बोटांनी अक्षरे उमटणे हा आपला दोष मानू नये.

तपकिरीबद्दल विचारता तर कंपनीच्या माहितीपत्रकानुसार लालसाठी ४५, तपकिरीसाठी ५५ आणि निळ्यासाठी ६० सेंटिन्यूटन जोर लागतो; एक सेंटिन्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक ग्रॅमचा भार समजावा. आकडे पाहता तपकिरी निळ्याच्या जवळचा वाटतो. बोटाला मात्र तो लालचाच भाऊ भासतो, कारण त्यातला उंचवटा फार बारीक असतो. निळ्यावरून आलेल्या माणसाला दांडीखाली वाळूचा कण अडकल्यासारखे वाटते. मेम्ब्रेन, म्हणजे स्विचऐवजी रबरी पडदा असलेल्या साध्या, कीबोर्डवरून येणाऱ्यांना तो आवडतो आणि ‘डोळे मिटून घ्या’ हा सल्ला बहुधा त्यांचाच असतो. आपण तो मानू नये.

शून्य_विलंब

मी थोडा विरोधी सूर लावतो. लाल स्विचवर मी चार वर्षे मराठी टंकतो आहे आणि पहिला महिना सोडला तर बोटे टेकून अक्षर उमटल्याचे मला आठवत नाही. मनगट उचलून टंकायची सवय लागली की हलका स्विच थकवा कमी करतो. अर्थात १.२ मिमीवर नोंद करणारे ‘स्पीड’ प्रकारचे स्विच लेखनासाठी कुणीही घेऊ नयेत. ते मीही घेतले होते आणि चार दिवसांत काढून ठेवले.

अनुस्वार

सर्वांचे आभार. मोजपट्टी लावली, खालची ओळ खरोखरच ५ मिमी सरकलेली निघाली! आकार ७५ टक्के ठरवला आहे, कारण एफ७ शिवाय माझा दिवस जात नाही. शून्य_विलंब यांचे म्हणणे पटते, पण मनगट उचलण्याची शिस्त या वयात लागेल असे वाटत नाही. मला निळ्यासारखा ठळक उंचवटा हवा आहे आणि आवाज नको आहे. असे काही मिळते का? आणि ‘हॉट-स्वॅप’ म्हणजे नेमके काय?

सुटेभाग

हॉट-स्वॅप म्हणजे स्विच डाखाने पक्के न करता सॉकेटमध्ये खोचलेले असतात. चिमट्याने ओढून काढता येतात आणि दुसरे बसवता येतात. आपण हॉट-स्वॅपच घ्यावा, कारण मग स्विचची निवड चुकली तरी कीबोर्ड वाया जात नाही. घेण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. सॉकेट सर्वसाधारण एमएक्स स्विचसाठी आहेत की केवळ ओटेमू कंपनीच्या स्विचच्या बारीक पिनांसाठी, हे आधी पाहावे. स्वस्त कीबोर्डवर ही मेख असते आणि मग बाजारातले बाकीचे स्विच त्यात शिरतच नाहीत. दुसरे म्हणजे सॉकेट तीन पिनांचे आहेत की पाच. पाच पिनांच्या स्विचमधल्या दोन पिना नुसत्या प्लॅस्टिकच्या, आधारापुरत्या असतात. तीन पिनांच्या पाटीवर बसवताना त्या नेलकटरने छाटल्या तरी चालतात.

स्पर्श ठळक आणि आवाज बंद, असे स्विच मिळतात. बोबा यू-४ हा त्यातला माझ्या पसंतीचा. दांडी जिथे वर-खाली आदळते तिथे त्यात मऊ गादी असते आणि उंचवटा तपकिरीपेक्षा कितीतरी स्पष्ट लागतो. तो ६२ आणि ६८ ग्रॅम अशा दोन स्प्रिंगांत येतो. हे आकडे दांडी तळाला टेकवायला लागणाऱ्या जोराचे आहेत, चेरीचे वरचे आकडे तसे नाहीत, म्हणून त्यांची थेट तुलना करून घाबरू नये. आपण ६२ चा घ्यावा.

आता खास इनस्क्रिप्टवाल्यांसाठी एक सूचना. ‘त्याच्या’ हा शब्द घ्या. त, हलन्त, य, काना, च, हलन्त, य, काना असे आठ ठोके होतात आणि त्यांपैकी य, च, य हे तीन उजव्या करंगळीचे. ‘च्या’ तर आपल्याला प्रत्येक वाक्यात भेटतो; शिवाय ज, ट आणि ड हेही तिच्याच वाट्याला आलेले आहेत. सगळ्यात अशक्त बोटावर एवढा भार इंग्रजीत कधीच पडत नाही. म्हणून मी ज, ड, च, ट, य या पाच कळांखाली हलक्या स्प्रिंगचे स्विच बसवले आहेत, बाकी सगळीकडे ६२ चेच. हात लगेच जुळवून घेतो. हे आम्हाला कुणी शिकवले नव्हते, करंगळी दुखायला लागली तेव्हा सुचले.

जुना टंकलेखक

वरच्या उत्तरात एक भर घालतो. देवनागरीत मोठी-लहान लिपी नसल्यामुळे मराठी लिहिताना कॅप्स लॉक ही कळ रिकामी बसून असते. घेतलेल्या कीबोर्डला व्हाया किंवा क्यूएमके (कळांची कामे बदलू देणारी सॉफ्टवेअर) चालत असेल, तर तिला एफएनचे काम द्यावे आणि तिच्याबरोबर र दाबल्यावर होम, क दाबल्यावर एंड अशी योजना करावी. ही व्यवस्था कीबोर्डच्या आतच राहत असल्यामुळे भाषा मराठी असो की इंग्रजी, ती बदलत नाही. विंडोज आणि स्पेस एकदम दाबून भाषा बदलण्याचा व्यायामही एकाच कळेवर आणता येतो.

अनुस्वार

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. ७५ टक्क्यांचा हॉट-स्वॅप कीबोर्ड आणि ६२ ग्रॅमचे बोबा घेतले. करंगळीच्या पाच कळांखाली जुन्या ६४ कळांच्या कीबोर्डमधले लाल स्विच काढून बसवले, म्हणजे तो खर्च अगदीच पाण्यात गेला नाही. ‘आणि’ आता एकाच ओळीत उमटतो. खांद्याला फरक वाटतो आहे. पहिल्या आठवड्यात माझा वेग निम्म्यावर आला होता, हे मात्र नव्याने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे आणि हातात मोठे काम असताना हा बदल करू नये.

एक शंका उरली आहे. अक्षरांचा आवाज बंद झाल्यामुळे आता स्पेसबारचा खडखडाट तेवढा ऐकू येतो आणि मुलगी त्यानेच कूस बदलते. तिथेही बोबाच आहे, मग आवाज कशाचा?

सुटेभाग

तो स्विचचा नाही, स्टॅबिलायझरचा आहे. लांब कळ दोन्ही टोकांना सारखी दबावी म्हणून तिच्याखाली एक वाकवलेली तार असते आणि ती प्लॅस्टिकच्या खोबणीत सैल हलली की वाजते. कीकॅप, म्हणजे कळेची टोपी, सरळ वर ओढून काढावी, तारेची दोन्ही टोके जिथे प्लॅस्टिकमध्ये शिरतात तिथे काडीच्या टोकाने डायइलेक्ट्रिक ग्रीस भरावे, कळ बसवून वीस-पंचवीस वेळा दाबावी आणि तरीही एक बाजू वाजत असेल तर त्याच बाजूला आणखी थोडे लावावे. स्विचच्या आत मात्र हे ग्रीस जाऊ देऊ नये. बॅकस्पेस, एंटर आणि डावी शिफ्ट यांच्याखालीही तशीच तार असते, तेव्हा ग्रीस हातात आहे तोवर त्याही उरकून घ्याव्यात.