मदत हवी आहे: रोज ऑफिसला जायला हायब्रिड की एमटीबी?

निळी_छत्री: रोज ऑफिसला सायकलने जायचं आहे. दोन सायकली बघून ठेवल्यात: एक हायब्रिड (रस्त्याची आणि डोंगरी यांच्या मधली), साध्या फोर्कची (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा), दुसरी एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, पुढे सस्पेन्शन (धक्के झेलणारी स्प्रिंग). दोन्हींना डिस्क ब्रेक. याच आठवड्यात घ्यायची आहे, कृपया लवकर सांगा.

चेनरिंग: अंतर किती? रस्ता कसा? सामान पाठीवर की कॅरिअरवर? टायर किती रुंद? यातलं काहीच लिहिलेलं नाही तुम्ही.

निळी_छत्री: एका बाजूला ९ किमी. डांबरी रस्ता, पण खड्डे आहेत, म्हणूनच सस्पेन्शनचा विचार. लॅपटॉप आणि कपडे. हायब्रिडच्या टायरवर ७००x३५ लिहिलंय, म्हणजे रुंदी ३५ मिमी.

चेनरिंग: मग हायब्रिडच. साधारण दर्जाचा सस्पेन्शन फोर्क किलोभर वजन वाढवतो आणि उभं राहून पेडल मारलं की ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. खड्डे टायरवर सोपवा. ३५ च्या टायरला ७० किलोच्या माणसाने मागे ५५-६० पीएसआय हवा ठेवावी, पुढे पाच-दहा कमी. फार कमी ठेवलीत तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

आडवाट: असहमत. २९ इंची एमटीबी आणि हायब्रिडचं ७००सी चाक, दोन्हींच्या रिमचा व्यास ६२२ मिमीच. एमटीबीला ५० मिमीचे गुळगुळीत टायर घाला, फोर्कला लॉकआउट (स्प्रिंग बंद करायची कळ) असतो. खड्ड्यांत हायब्रिडपेक्षा कितीतरी सुखाची.

चेनरिंग: लॉकआउटने वजन कमी होत नाही. आणि पुढचं मडगार्ड कशाला बांधणार? बऱ्याच सस्पेन्शन फोर्कना त्यासाठी भोकंच नसतात.

आडवाट: चिमट्याने बसणारी मडगार्डं मिळतात.

चिखलगाडी: ती आखूड असतात, पायांवर पाणी येतंच. निळी_छत्री, गिअर नंतर मोजा, आधी फ्रेमची भोकं बघा. मागच्या अॅक्सलजवळ (चाकाचा आस) दोन्ही बाजूंना आटे असलेली भोकं हवीत, शक्यतो दोन-दोन: एक कॅरिअरला, एक मडगार्डला. सीटखाली वर आणखी दोन. सगळ्यांना एम५ बोल्ट लागतो. मडगार्ड टायरपेक्षा दहाएक मिमी रुंद घ्या, म्हणजे ३५ ला ४५. टायर आणि फोर्क यांच्यात तेवढी जागा आहे का, तेही पाहा. नाहीतर चिखल अडकून चाक घासतं.

तेलपाणी: चेनबद्दल कोणीच बोलत नाही! २४ कड्यांचं अंतर, पिनेच्या मध्यापासून मध्यापर्यंत, नवीन असताना ३०४.८ मिमी असतं. ३०६.३ झालं की चेन बदला, नाहीतर मागचे दातेही खराब होतात. तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब, मग फडक्याने बाहेरचं पूर्ण पुसून काढा. बाहेर राहिलेल्या तेलावर धूळ बसते.

निळी_छत्री: चेनचं नंतर वाचतो. हायब्रिडला भोकं आहेत, फोटो पाहिला. पण मागचा ब्रेक कॅलिपर (डिस्क दाबणारा भाग) सीटखालून मागच्या चाकाकडे येणाऱ्या नळीवर, बाहेरच्या बाजूला आहे. कॅरिअर बसेल?

चिखलगाडी: हे आधी सांगायचं ना! साध्या कॅरिअरचा पाय कॅलिपरला अडतो. लोक १५ मिमीचा स्पेसर (मध्ये घालायची नळकांडी) आणि लांब बोल्ट लावतात. चालतं, पण भार फ्रेमपासून लांब गेल्याने बोल्टवर वाक येतो आणि वजन जास्त असेल तर तो तुटतो. डिस्क ब्रेकसाठीचं, पाय बाहेर वळवलेलं कॅरिअर घ्या. बोल्टला निळा थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा.

आडवाट: एवढ्या खटाटोपापेक्षा सॅक पाठीवर घ्या.

चेनरिंग: ९ किमी, लॅपटॉपसकट? पाठ भिजते आणि खांदे भरून येतात. पॅनिअरच, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला अडकवायची पिशवी. फक्त टाच लागते का ते तपासा, निळी_छत्री. पेडल मागे असताना टाच आणि पिशवी यांत दोन बोटं जागा हवी. लागत असेल तर पिशवीचे हुक मागे सरकवा.

निळी_छत्री: म्हणजे कॅरिअर लांब हवं?

चेनरिंग: हो, हुक मागे सरकवायला दांडी पुरली पाहिजे. दुकानात ऑफिसचेच बूट घालून जा, आणि पिशवी भरून न्या. रिकामी पिशवी फुगत नाही, त्यामुळे टाच लागतेय हे कळत नाही.