मदत हवी आहे: धाकट्या भावाला लोनवर जाऊ द्यावं का? सोमवारच्या आत उत्तर द्यायचंय

थोरली
थेट मुद्द्यावर येते. धाकटा भाऊ फुटबॉल खेळतो, विंगर आहे (मैदानाच्या कडेने हल्ला करणारा). याच सीझनला सीनियर संघात घेतलंय, पण सगळा वेळ बेंचवरच जातो. आता खालच्या डिव्हिजनचा एक क्लब सीझन संपेपर्यंत त्याला लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, मागतोय. एजंट म्हणतो जा, आई म्हणते नको, बाबा काहीच बोलत नाहीत. भाऊ रात्री वहीत प्रत्येक सामन्यात खेळलेली मिनिटं लिहीत बसतो. काल ती वही माझ्या हाती लागली: ०, ०, ३, ०, ११, ०, ०. पुढच्या सामन्यांच्या तारखाही घालून ठेवल्यात, समोर जागा मोकळी. पाठवावं की नाही, एवढंच सांगा. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच लिहा, प्लीज.

डावी बाजू
वय? पाय कुठला? खेळतो कुठल्या बाजूला? करार किती उरलाय? यातलं काहीच लिहिलेलं नाही तुम्ही. एवढ्यावर कोणी हो-नाही सांगितलं तर तो निव्वळ अंदाज असेल.

मैदानकाका
पाठवा. मी बारा वर्षं मुलांना शिकवतोय. विंगर सरावात घडत नाही. सरावात समोरचा बचावपटू आपलाच असतो, तो घोट्यावर येत नाही. बेकहॅमला १९९५ मध्ये मँचेस्टर युनायटेडने खालच्या डिव्हिजनच्या प्रेस्टनला लोनवर धाडलं तेव्हा तो १९ वर्षांचा होता. पाच सामने खेळला, दोन गोल केले, त्यातला एक थेट कॉर्नरवरून. परत आला तो वेगळाच होऊन. दणकट लोकांत खेळल्याशिवाय अंगात ताकद येत नाही.

रात्रीचा सामना
काका, बेकहॅम महिन्याभरात परत आला होता. इथे अर्धा सीझन आहे. आणि युनायटेडच्याच विंगरचं, गिग्जचं काय? १९९१ मध्ये १७ व्या वर्षी सीनियर संघात आला, कधी लोनवर गेला नाही. मोठ्या खेळाडूंसोबत रोज सराव करणं हेही शिक्षणच. खालच्या डिव्हिजनला बॉल डोक्यावरूनच जातो, विंगर नुसता बघत उभा राहतो.

मैदानकाका
गिग्ज रोज जन्माला येत नाही हो. वही बघा त्या पोराची. १४ मिनिटं!

थोरली
वय १८, पुढच्या महिन्यात १९. डावखुरा. उजव्या बाजूला खेळतो. करार दीड वर्षाचा उरलाय. हे सगळं लागेल असं वाटलं नव्हतं, सॉरी.

त्या ११ मिनिटांचं सांगते, मी स्टँडमध्ये होते. बॉल त्याच्याकडे दोनदा आला. पहिल्यांदा त्याने नेहमीसारखा डावीकडे आत घेतला. समोरचा फुलबॅक (कडेचा बचावपटू) आतल्या बाजूला आधीच उभा होता, बाहेरची बाजू मोकळी ठेवून. भाऊ उजव्या पायावर गेला आणि क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकायचा बॉल) सरळ गोलमागे. दुसऱ्यांदा बॉल आला तेव्हा त्याने मागे पास दिला. तो मागचा पास बघून मला रडू आलं, कारण शाळेपासून त्याने असा पास कधी दिलेला नाही.

डावी बाजू
हे लिहिलंत ते बरं केलंत. वरच्या पातळीवर प्रत्येक फुलबॅकला विंगरचे व्हिडिओ दाखवलेले असतात. आत वळणारा डावखुरा आहे हे कळलं की त्याला बाहेर ढकलायचं, एवढीच सूचना असते. नेदरलँड्सचा डावखुरा विंगर रॉबेन आत वळणार हे सगळ्या जगाला ठाऊक होतं, तरी तो सुटायचा, कारण त्याची वेळ पकडता यायची नाही. आणि ती वेळ सामन्यातच बसते. म्हणून मी काकांच्या बाजूने, पण एका अटीवर. लोनवाला क्लब त्याला कुठल्या जागेवर मागतोय?

निळी शिट्टी
मी रेफरी आहे. एक सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. तरुण विंगर बॉक्सच्या कडेला पडायला शिकतात. दोन सामन्यांत ‘खोटा पडणारा’ असं नाव होतं आणि मग खरा फाउल झाला तरी शिट्टी वाजत नाही. भावाला सांगा, शर्ट ओढला तरी पाय चालू ठेव. अॅडव्हांटेज (फाउल झाला तरी फायदा असेल तर खेळ चालू ठेवणं) आम्ही देतोच.

रात्रीचा सामना
शर्ट ओढला तरी शिट्टी न वाजवणारे रेफरी आहेत म्हणूनच पडतात ना पोरं.

निळी शिट्टी
प्रत्येक ओढणं फाउल नसतं. यावर वेगळा धागा काढा, सविस्तर लिहीन.

फिजिओ बोलतेय
थोरली, ११ मिनिटांवरून एकदम आठवड्याला ९० मिनिटं ही मोठी उडी आहे. विंगर सगळ्यात जास्त स्प्रिंट मारतो. हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) कधी ओढली होती का? राखीव संघाकडून पूर्ण सामने खेळतोय का?

थोरली
हो, दोनदा, उजव्या मांडीला. दुसऱ्यांदा सीझन सुरू होण्याच्या आधी, पाच आठवडे बाहेर होता. पण आता बरा आहे, म्हणून लिहिलं नाही. राखीव संघाकडून दर आठवड्याला तासभर खेळतो. आणि प्लीज, विषय जाऊ की नको हा आहे.

फिजिओ बोलतेय
विषय तोच आहे. आधी झालेली हॅमस्ट्रिंगची दुखापत हा पुढच्या दुखापतीचा सगळ्यात मोठा इशारा असतो. नव्या क्लबात मेडिकल स्टाफ किती, मैदान कसं, आठवड्यात दोन सामने असतात का, हे विचारा. नॉर्डिक व्यायाम करत असेल (गुडघ्यांवर बसून, घोटे कोणीतरी धरून, अंग हळूहळू पुढे सोडायचं) तर तो तिथेही चालू राहिला पाहिजे. माहिती एका फिजिओकडून दुसऱ्याकडे लेखी जाऊ दे. तोंडी नको.

करारवाला
लोनच्या कागदावर खेळाडूची सही लागते, त्यामुळे घाई करणाऱ्याला थांबवता येतं. आता दुसरं. फिफाच्या नियमाने एका सीझनमध्ये तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते, पण अधिकृत सामने साधारणपणे दोनच क्लबांकडून खेळता येतात. ती ३ आणि ११ मिनिटं लीगची असतील तर मूळ क्लब मोजला गेला, लोनवाला दुसरा. तिथे जमलं नाही तर परत येता येईल, पण याच सीझनला तिसरीकडे जाऊन खेळता येणार नाही. मूळ क्लबाने करार वाढवायला सांगितलंय का?

थोरली
हो, एक वर्ष. एजंट म्हणाला नेहमीचं असतं. इतकं अचूक कसं ओळखलंत?

करारवाला
कारण शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी मोकळेपणाने बोलू शकतो. लोनवरून येईल तेव्हा त्याचं एकच वर्ष उरलेलं असेल. तिथे तो चमकला तर क्लबला ते अडचणीचं. वाढवणं वाईट नाही, पण फुकट वाढवू नका. पगार, सीनियर संघातली जागा, काहीतरी लेखी घ्या.

डावी बाजू
माझा प्रश्न राहिला. जागा कुठली?

थोरली
आत्ता एजंटला फोन केला. लेफ्ट बॅक.

आणि इथेही कोच गेले सहा आठवडे त्याला सरावात लेफ्ट बॅकला खेळवतोय. तो जेवताना सहज बोलला होता. मला वाटलं सगळ्यांनाच फिरवून खेळवतात.

डावी बाजू
ताई, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! प्रश्नच बदलला. तुमचा भाऊ उजवीकडचा विंगर, दोन्ही क्लब त्याला डावीकडचा बचावपटू करू बघतायत.

रात्रीचा सामना
झालं. म्हणजे विंगर म्हणून त्यांनी त्याला सोडून दिलंय. अजिबात पाठवू नका.

मैदानकाका
असं लगेच म्हणू नका. साका २०१९-२० मध्ये आर्सेनलमध्ये लेफ्ट बॅकलाच खेळला, कारण तिथले बचावपटू जखमी होते. तोही डावखुरा, तोही आज उजव्या विंगवर. त्या सीझनमध्ये तो बचाव शिकला म्हणून कोचचा विश्वास बसला. वेल्सचा बेल तर बचावपटू म्हणूनच स्पर्सकडे (टॉटनहॅम) आला. पहिल्या २४ लीग सामन्यांत त्याचा संघ एकदाही जिंकला नाही, लोक त्याला अपशकुनी म्हणायला लागले. २०१० मध्ये मिलानच्या सान सिरो मैदानावर इंटरविरुद्ध हॅटट्रिक मारली तेव्हा तो २१ चा होता.

रात्रीचा सामना
आणि अल्फोन्सो डेव्हिस? जर्मनीच्या बायर्न म्युनिकमध्ये विंगर म्हणून आला, २०१९ मध्ये दुखापतींमुळे लेफ्ट बॅकला टाकला, तो तिथलाच झाला.

मैदानकाका
२०२० मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकला की तो! वाईट काय झालं त्याचं?

रात्रीचा सामना
वाईट म्हणत नाही मी. त्या मुलाला काय व्हायचंय ते कोणी विचारलंय का, एवढंच म्हणतोय.

थोरली
नव्हतं विचारलं. खरंच नव्हतं. एजंट, आई, कोच, मी, सगळे बोलत होतो, तो ऐकत होता.

आज त्याच्या खोलीत जाऊन बसले. तो म्हणाला, "ताई, लेफ्ट बॅक चालेल, पण डावीकडून मला पुढे पळता आलं पाहिजे. मागे उभं राहून बॉल बाहेर मारायला मी नाही जात." मग त्यानेच लोनवाल्या कोचला फोन लावला, स्पीकरवर. ते मागे तिघे ठेवून खेळतात, म्हणजे डावीकडची पूर्ण पट्टी त्याची. त्यांचा नेहमीचा खेळाडू दोन महिने बाहेर आहे. तो परत आल्यावर काय, असं भावाने विचारलं. कोच म्हणाला, "वचन देत नाही. पण तेव्हा तुला उजवीकडे पुढे बघायला मला आवडेल." वचन देत नाही म्हणाला, हेच भावाला पटलं.

फिजिओ बोलतेय
आणि हॅमस्ट्रिंग?

थोरली
तिथे एकच फिजिओ आहे. इथल्या फिजिओने व्यायामाचा तक्ता मेल केला, मला कॉपी आहे. पहिले दोन सामने तासाभरानंतर काढतील असं ठरलंय. करार वाढवण्यावर सही केलेली नाही, एजंट नाराज आहे. आईला अजूनही पटलेलं नाही.

लोनच्या कागदावर तो उद्या सकाळी सही करतोय. वहीत आज त्याने मिनिटांच्या शेजारी एक नवीन रकाना आखलाय: जागा.

डावी बाजू
डावीकडे खेळताना क्रॉस धावता धावता मारायला सांगा, थांबून नको. आणि पहिला सामना झाला की इथे लिहा. या वेळी सगळं लिहा.