म्होरक्या उचलला की हिंसा थांबते?

वागळे इस्टेट: एका सुरक्षा सल्लागाराचं विश्लेषण दोन दिवस आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय. म्हणे मेक्सिकोनं मुंबईचा कित्ता गिरवावा, अमली पदार्थांच्या टोळ्यांचे म्होरके उचलावेत, बाकी सगळं आपोआप विझेल. अहो, मेक्सिकोनं तेच तर केलं! डिसेंबर २००६ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष काल्देरॉन यांनी लष्कर उतरवलं, एकेक म्होरका टिपला. टोळ्या फुटल्या आणि तुकडे एकमेकांच्या जिवावर उठले. जुलै २०२४ मध्ये सिनालोआ टोळीचा म्होरक्या एल मायो पकडला गेला. सप्टेंबरपासून सिनालोआ राज्यात त्याची माणसं आणि त्याचा जुना भागीदार एल चापो याच्या पोरांची माणसं यांच्यात रक्तपात सुरू झाला, राजधानी कुलियाकानमध्ये शाळा बंद ठेवाव्या लागल्या. धंदा शाबूत असला की गादीला वारस मिळतोच.

नौपाडा: मेक्सिको राहू द्या. १९९७ आठवतंय? जानेवारीत कामगार नेते दत्ता सामंत, ऑगस्टमध्ये कॅसेटवाले गुलशन कुमार, दोघांनाही भररस्त्यात गोळ्या घातल्या. वडिलांचं मुलुंडला दुकान होतं. रात्री फोन वाजला की आई देवासमोर जाऊन बसायची. १९९९ मध्ये मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा आला, जामीन अवघड झाला, तेव्हा कुठे या टोळ्यांचं कंबरडं मोडलं. ज्यानं ते दिवस काढलेत त्याला शिकवू नका.

वागळे इस्टेट: शिकवत नाही. पण मोक्का काय फक्त म्होरक्याला लागतो? आसरा देणारा, पैसा फिरवणारा, सगळे त्यात येतात, मालमत्ता जप्त होते. मी तेच म्हणतोय. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा गेला, पुढे आयात खुली झाली, तसा टोळ्यांचा सोन्याच्या तस्करीतला मलिदाही आटला.

नौपाडा: आटला, म्हणूनच ते खंडणीवर उतरले ना! आमच्या दुकानापर्यंत आले ते त्यामुळेच.

घणसोली: आणि खंडणी संपली असं कोण म्हणतं? गाळ्याचं बांधकाम काढलं, तिसऱ्या दिवशी चार पोरं दारात. रेती-खडी आमच्याकडूनच घ्यायची, गाडी खाली करायला माणसं आमचीच, वाराई, म्हणजे माल उतरवायची मजुरी, आम्ही सांगू तेवढी. नवऱ्यानं नाही म्हटलं तर रात्रीत सिमेंटची पोती फोडली. या गाववाल्यांनी नवी मुंबई वेठीला धरलीय.

उलवे: ताई, गाववाले म्हणताना जरा सांभाळून. तुमचे टॉवर आमच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर उभे आहेत. जानेवारी १९८४ मध्ये जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील साहेबांच्या लढ्यात जासई-दास्तानला गोळीबार झाला, पाच जण गेले. माझे आजोबा त्या मोर्चात होते. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारे साडेबारा टक्के भूखंड कुणी ताटात वाढून दिलेले नाहीत. जमीन गेली, कंपनीत नोकरी नाही, म्हणून मी कर्ज काढून डंपर घेतला. प्रत्येक खेपेची पावती देतो. मीही गुंडच का?

घणसोली: तुमच्या आजोबांबद्दल मी बोलले नाही. आमची पोती कुणी फोडली, त्याबद्दल बोलले.

उलवे: बोललात गावाबद्दल.

नौपाडा: अरे, विषय काय आणि चाललंय काय!

वागळे इस्टेट: विषय हाच आहे. माल कुणाकडून घ्यायचा हे दमदाटीनं ठरतं तोवर चारातला एक आत गेला तरी दुसऱ्या दिवशी पाचवा दारात येतो. कुलियाकानला काय, घणसोलीला काय.

घणसोली: बरं, गाववाले हा शब्द मागे घेते. त्या चौघांतले दोघे मुळात इथले नव्हतेच, रागात सांगायचं राहिलं. पण पावती एकानंही दिली नाही.

उलवे: मग तक्रार करा. ज्यांच्यामुळे आमच्यासारखे बदनाम होतात, त्यांच्याविरुद्ध पोलीस ठाण्यात मी येतो तुमच्यासोबत.

नौपाडा: वागळे, कुलियाकानचं पटलं, एवढंच देतो. आमच्या घरचा फोन मात्र मोक्का लागल्यावरच थांबला.