नारिंगी जर्सीचं काय?
सायकल शर्यतीतल्या संघाची जर्सी म्हणजे धावती जाहिरात, प्रायोजक गेला की ओळखही गेली, असं म्हणतात आणि ते बहुतेक संघांना लागू पडतं. एउस्काल्तेल-एउस्कादी या बास्क संघाला मात्र मुळीच नाही. त्याच्या जर्सीचा नारिंगी रंग खरं तर एउस्काल्तेल या प्रायोजक टेलिफोन कंपनीचा, पण उत्तर स्पेनमधल्या बास्क लोकांनी तो आपलासा केला, कारण सायकलपटूही जवळपास सगळे त्यांच्याच मातीतले. २००१ च्या टूर द फ्रान्समध्ये या संघाच्या रोबेर्तो लाइसेकाने पिरेनीज पर्वतातल्या लुझ आर्दिदेनच्या घाटावरचा टप्पा जिंकला, त्या दिवशी घाटाच्या दोन्ही कडा नारिंगी होत्या आणि मधे सायकल जाईल एवढीच फट.

२०१३ च्या अखेरीस पैशांअभावी संघ बंद पडला. तरी पुढची कितीतरी वर्षं पिरेनीजच्या चढांवर माणसं तेच जुने नारिंगी शर्ट घालून उभी दिसायची. मी तर टीव्हीवर शर्यतीआधी तेच शोधायचो.