शहर खरं, जादू लपलेली: अशी कादंबरी सुचवा

टांगा_पलटी:
मंडळी, या पावसाळ्यात काहीतरी दणदणीत वाचायचंय. आजच्याच काळातलं शहर, त्यात लपलेली जादू आणि वापरायला बंदी असलेली शक्ती. जादूची शाळा नको, व्हॅम्पायरशी प्रेमप्रकरण तर अजिबात नको. बंदी का आहे हे लेखकाला ठाऊक असावं. कुणीतरी म्हातारा ‘हे निषिद्ध!’ म्हणून डोळे वटारतो आणि पुढच्याच प्रकरणात नायक तेच करून मोकळा, असलं खूप वाचून झालं. इंग्रजी चालेल, मराठी असेल तर सोन्याहून पिवळं.

रातकिडा:
मग सर्गेई लुक्यानेन्कोची ‘नाइट वॉच’च घे. मूळ रशियन, १९९८ची. मॉस्कोत प्रकाशवाले आणि अंधारवाले अशा जादूची शक्ती असलेल्या दोन गटांत तह झालाय. रात्री प्रकाशवाले गस्त घालून अंधारवाल्यांवर नजर ठेवतात, दिवसा उलट. व्हॅम्पायर आहेत, पण त्यांना शिकारीसाठी चक्क परवाना लागतो! खरी मेख पुढे आहे. भलं करायलाही मोकळीक नाही. प्रकाशवाल्याने जादूने कुणाचं भलं केलं, की समोरच्यांना तेवढंच वाईट करायचा हक्क मिळतो. नायक अँतोन मुळात ऑफिसात बसणारा प्रोग्रामर. साहेब आपल्याला कितपत खरं सांगतात, ही शंका त्याला सतत छळते. पुस्तकात तीन कथा आहेत, पहिली संपली म्हणून ठेवून देऊ नकोस. २००४चा सिनेमा नंतर बघ, त्याने बरंच काही फिरवलंय.

दुपारचा_चहा:
बेन आरोनोविचची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ (२०११). पीटर ग्रँट हा नवखा पोलीस शिपाई कॉव्हेंट गार्डनला खुनाच्या जागेवर पहाऱ्याला असतो. साक्षीदार मिळतो, पण तो निघतो भूत. जादूचं शास्त्र न्यूटनने बांधलेलं, जवळ जादू केली की मोबाईल कामातून जातो, अति केली तर मेंदूची चाळण. थेम्स इथे देवी आहे, तीही नायजेरियातून आलेली, आणि टायबर्न, फ्लीट वगैरे लंडनच्या छोट्या नद्या तिच्या लेकी. गोदामाई-कृष्णामाई म्हणणाऱ्यांना हे लगेच पटेल. खून आणि नद्यांचं भांडण हे दोन धागे मात्र नीट सांधलेले नाहीत.

रातकिडा:
पुस्तक धमाल आहे, पण धागाकर्त्याने मागितलेली बंदी त्यात कुठेय? मेंदू खराब होतो म्हणून जपून वापरा, हा झाला आरोग्यविषयक सल्ला.

दुपारचा_चहा:
बरं बाबा. शहर तरी अस्सल आहे ना?

निवांत:
बंदीच हवी तर जिम बुचरची ‘स्टॉर्म फ्रंट’ (२०००), शिकागोतली. जादूगारांचा पहिला कायदा: जादूने माणूस मारायचा नाही. नायक हॅरी ड्रेस्डेनने पोरवयात स्वतःला वाचवताना आपल्या गुरूलाच तसं मारलेलं. आता आणखी एक चूक झाली की मान उडणार. आणि शहरात नेमके जादूने खून पडतात. संशय कुणावर येणार, सांगायला नको.
ली बार्डुगोची ‘नाइन्थ हाउस’ (२०१९) पण चांगली. येल विद्यापीठातल्या गुप्त मंडळ्या, शेअर बाजाराचं भविष्य बघायला जिवंत माणसाची आतडी वाचतात. लैंगिक अत्याचाराचे प्रसंग आहेत, माहीत असू द्या.

माजघर:
मराठीत हुबेहूब असं मला भेटलेलं नाही. नारायण धारपांच्या ‘समर्थ’ कथा वाचल्या नसतील तर वाचाच. शक्ती आहे, पण मिरवायची नाही, हा संयम तिथे आहे. शहरी मध्यमवर्गाच्या घरात शिरणारी भीती हवी तर रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. या दोन्हींत भय जास्त, जादूचे नियमबियम कमी.

टांगा_पलटी:
धन्यवाद! ‘नाइट वॉच’ मागवतो. ड्रेस्डेनची मालिका क्रमानेच वाचायची का?

निवांत:
हो, क्रमाने. दुसऱ्या भागात कंटाळा आला तर खुशाल तिसरा उघडा, फारसं अडत नाही. पहिल्या दोन भागांत हॅरीची बायकांकडे बघायची नजर खटकते, तेवढी सोसावी लागेल.