मदत हवी आहे: हाताने ओढलेल्या रेषांसाठी कागद आणि शाई

मी सांगलीत असतो. अमूर्त काम करतो: पूर्ण कागदभर आडव्या समांतर रेषा, पट्टी न लावता, एका बैठकीत. चित्रकार नसरीन मोहमदींची (१९३७–१९९०) शाई-पेन्सिलची चित्रं आवडणाऱ्यांना अंदाज येईल; अर्थात त्यांच्याकडे ड्राफ्टिंगची अवजारं होती, माझा नुसता हात. श्वास आणि रेष एका लयीत आले की तास कळत नाहीत. पण मध्येच पेन अडकलं की सगळं मोडतं. नंतर जोडलेली रेष लगेच ओळखू येते.

०.२ मिमीचं टेक्निकल पेन (आखणीचं, बारीक नळीसारख्या निबेचं) आणि इंडिया इंक (काळी पक्की शाई) वापरून पाहिली, निब चोंदते. पेन दर वेळी धुतो, तेव्हा ते नका सांगू. हातकागदाचे तंतू निबेत अडकतात, शिवाय पावसाळ्यात शाई फुटते. कोल्ड प्रेस म्हणजे खरखरीत कागदावर (३०० जीएसएम, जाड) रेष दाणेदार येते. हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत कागद उत्तम, पण इथे लहान आकारातच मिळाला.

कागद किमान २२ × ३० इंच हवा, शाई रंग न उडणारी. जेलपेन नको, डिजिटल तर नकोच. मिरज, कोल्हापूर, फार तर पुण्यापर्यंत जाईन.

न अडकणारी पिगमेंट (रंगकणांची) शाई कोणती, आणि मोठा हॉट प्रेस कागद सुटा कुठे मिळेल?