फिरत्या शिफ्टच्या घरात रोजची प्रार्थना कशी टिकवायची?

ऐरोलीकर
जय ख्रिस्त. घरात एकाची महापे एमआयडीसीत फिरती शिफ्ट, दुसऱ्याची सकाळी ठाणे लोकल, मुलं ६ आणि ११ वर्षांची. रात्री ९ वाजता अर्धा तास कौटुंबिक उपासना ठरवली की दहाएक दिवसांत ती बंद पडते. चौघं एकत्र असतो ते आठवड्यातून तीनच दिवस. बाकीचे दिवस काय करावं? नाइट संपवून सकाळी ८ ला घरी आलेल्याने सकाळची प्रार्थना करायची की रात्रीची? आणि स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायला बसलं की दोन मिनिटांत शब्दच संपतात, त्याला काय करावं?

सांजस्तोत्र
अर्धा तास ठेवलात, तिथेच गाडी अडली. ६ वर्षांचं मूल सात-आठ मिनिटांच्या पुढे स्थिर बसत नाही. मग त्याला गप्प करण्यातच उपासना जाते. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं लहान स्तोत्र एकाने वाचावं (१२१ वं आठच ओव्यांचं आहे), मग प्रत्येकाने एकच वाक्य बोलावं आणि शेवटी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली, सगळ्यांनी मिळून म्हणावी. सात मिनिटांत होतं. ९ वाजता बसायचं असं न ठरवता जेवणाची ताटं उचलली की बसायचं असं ठरवा. घड्याळाची वेळ चुकते, ताटं रोज उचलावीच लागतात.

नाइटचं म्हणाल तर झोपायला जाताना रात्रीची प्रार्थना आणि उठल्यावर सकाळची, मग उठायला दुपारचे ३ का वाजेनात. १३४ वं स्तोत्र तर रात्री परमेश्वराच्या मंदिरात सेवेला उभे राहणाऱ्यांसाठीच आहे, तीनच ओव्या. १३० व्यात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी आहेत. पहाटे ४ ला डोळे जड होतात तेव्हा ते वाचून बघा, वेगळंच लागतं.

शब्द संपतात कारण आपण सुरुवात मागण्यांपासून करतो, आणि मागण्या थोड्याच असतात. प्रभूची प्रार्थना सांगाड्यासारखी वापरा, एकेका ओळीवर अर्धा मिनिट थांबा. ‘रोजची भाकर’ म्हटलं की भाडं, शाळेची फी, घराचा हप्ता हे सगळं नाव घेऊन सांगा. ‘आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ इथे मात्र खरंच थांबा आणि ज्याच्याशी अबोला आहे त्या एका माणसाचं नाव मनात घ्या. घाईत सगळ्यात जास्त निसटते ती हीच ओळ. आणखी एक: या प्रार्थनेत ‘मी’ कुठेच नाही, सगळीकडे ‘आम्ही’ आहे. घरात एकटे असलात तरी बाकी तिघं त्यात आलेच.

पेरांवरची माळ
कॅथलिक घरांसाठी भर घालतो. ठाणे ते वाशी गाडी साधारण अर्धा तास घेते, रोझरीची (मरियेच्या जपमाळेची) पाच दशकं १५ ते २० मिनिटांत होतात; एक दशक म्हणजे दहा वेळा ‘नमो मरिया’ ही प्रार्थना. गर्दीत ५९ मण्यांची माळ काढता येत नाही, म्हणून त्या दहा बोटांच्या पेरांवर मोजा. प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग मनात धरायचा, त्याला रहस्य म्हणतात. सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. नुसतं पुटपुटणं होऊ नये म्हणून प्रत्येक दशकाआधी तो प्रसंग डोळ्यांसमोर आणा आणि ते दशक एका माणसासाठी द्या. रबाळ्याला उतरायचं असेल तर एकच दशक म्हणा. पाच उरकण्यापेक्षा ते बरं.

वचनवाचक
पाठ केलेले शब्द परत परत म्हणणं ही मत्तय ६:७ मध्ये येशूने टाळायला सांगितलेली व्यर्थ बडबड नाही का?

सांजस्तोत्र
त्याच अध्यायात दोन ओव्यांनी पुढे प्रभू स्वतः पाठ करण्याजोगी प्रार्थना देतो. गेथशेमाने बागेत तो तिसऱ्यांदा तेच शब्द बोलला, मत्तय २६:४४ पाहा. व्यर्थ काय, तर शब्दांच्या संख्येवर देव वळेल असं समजणं. पहिल्या काही पिढ्यांतल्या ख्रिस्ती लोकांच्या ‘डिडाखे’ या शिकवणीच्या पुस्तिकेत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा करा असं सांगितलं आहे. पाठ शब्द आणि मनातले शब्द दोन्ही लागतात. तापात, दुःखात, झोपेत मनातले शब्द सुचत नाहीत, पाठ असलेलेच तोंडात येतात.

ऐरोलीकर
ताटांचं पटलं. पण ११ वर्षांचा मुलगा बसायलाच तयार नसतो. आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची यादी चाळीस नावांवर गेलीय.

मध्यस्थ
मोठं मूल का टाळतं ते आधी बघा. ‘देवा, याला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाइल कमी कर’ असं त्याच्यासमोर मोठ्याने म्हटलं की ती प्रार्थना राहत नाही, देवाच्या नावाने दिलेला ओरडा होतो. ते तुम्ही एकांतात मागा. त्याच्याकडे काम द्या: स्तोत्र त्याने निवडायचं, त्याने वाचायचं. बोलायची सक्ती नको, शेवटचं ‘आमेन’ म्हटलं तरी पुरे.

चाळीस नावं रोज वाचली की हजेरी होते. सहा वारांत सहा-सात नावं वाटा, रविवार मोकळा ठेवा. नावापुढे नेमकी मागणी आणि तारीख लिहा. ‘आशीर्वाद दे’ लिहिलं तर उत्तर मिळालं की नाही हे कधी कळणारच नाही. ‘गुरुवारी ऑपरेशन आहे’ असं लिहिलं की शुक्रवारी फोन करायचं आपोआप लक्षात राहतं. आणि एक कळकळीची विनंती: चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाचा आजार, कुणाच्या घरातलं भांडण त्यांना न विचारता टाकू नका. माणसं दुखावतात आणि पुढच्या वेळी गरज असूनही सांगत नाहीत.

पेरांवरची माळ
खाडा पडला तर मागचं भरून काढायला जाऊ नका. थकबाकी साचली की माणूस सगळंच सोडतो. तारखेप्रमाणे स्तोत्र घ्या: १४ तारीख असेल तर १४, ४४, ७४, १०४, १३४, यांतलं त्या दिवसाला लागू पडेल ते एक. दर वेळी ३० मिळवायचे. १५० स्तोत्रं अशी ३० दिवसांत बसतात. ११९ वं फार लांब, १७६ ओव्यांचं, म्हणून २९ तारखेला ते सोडा आणि ३१ तारखेला त्यातल्या आठच ओव्या वाचा. चार दिवस चुकले तरी आज कुठलं वाचायचं ते कॅलेंडरच सांगतं.